कलिंगडाचे फार लाड करू नका: परसबागेत या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी डिसेंबरात ‘शुगर बेबी’ जातीचं कलिंगड लावलं. आळ्यात भरपूर शेणखत आणि वर दर आठवड्याला चिमूटभर युरिया. वेल अंगणभर पसरला, फळ मात्र एकही टिकलं नाही. नत्र जास्त झालं की वेल माजतो, नुसती पानं काढत बसतो. त्याच उन्हाळ्यात मोरीच्या पाण्यावर, आम्हीच थुंकलेल्या बियांतून उगवलेल्या वेलाने दोन कलिंगडं दिली! बाजारातलं फळ बहुतेक संकरित असतं, त्यामुळे त्याच्या बीचा भरवसा नसतो. ही आतून फिकट निघाली, पण गोड होती.

‘फुलं येतात, फळ धरत नाही’ ही तक्रार घाईची असते. आधी नर फुलंच येतात. मादी फुलाच्या मागे बोराएवढं लवदार कलिंगड असतं. ते दिसेपर्यंत थांबा. हे फूल एकच दिवस उमलतं. गच्चीवर मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळी नऊच्या आत ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मधल्या तिन्ही भागांवर पराग नीट टेकवा. एक बाजू सुटली तर फळ वाकडं होतं.

कोवळ्या फळाचं बूड काळं पडलं की लोक बुरशीनाशक मारतात. रोग नसतोच तो. पाणी कधी तुडुंब, कधी शून्य, मग फळाला कॅल्शियम मिळत नाही. पिकायच्या वेळचं पाणी तर आणखी घातकी. मी चार दिवस गावाला गेलो, शेजाऱ्यांनी मायेने दोन्ही वेळा पाइप सोडला. परत आलो तर सगळ्यात मोठं फळ उभं चिरलेलं, मुंग्यांची पंगत बसलेली. शेवटच्या आठवड्यात हात आखडता घ्या.

फळावर डिंकाचा थेंब दिसला तर बहुधा फळमाशीने डंख केलाय. क्यू ल्यूरच्या (माशीला ओढणाऱ्या वासाच्या आमिषाच्या) सापळ्यात फक्त नर अडकतात, डंख करणारी मादी नाही, म्हणून फळ धरताच त्याला कापडी पिशवी घाला. किडकी फळं कंपोस्टात टाकू नका.

तोडण्याची घाई मीही केली. टिचकी मारली, आवाज ‘पोकळ’ वाटला, तोडलं. देठाजवळचा तणावा (वेलाचा कुरळा दोरा) अजून वाळला नव्हता, हिरवाच होता, जमिनीला टेकलेली बाजू पांढरीच. ती पिवळसर व्हायला हवी होती. तोडलेलं कलिंगड घरात ठेवून गोड होत नाही. शेवटी त्याची भाजी केली. घरच्यांना ती दुधीची वाटली, मी काही बोललो नाही.