गावातलं घर घेताय? आधी हाताशी किती रक्कम हवी ते मोजा

दहा टक्के आपले, बाकी बँक देते, असं पानठेल्यावर कोणीही सांगतं. नियमही तसाच आहे. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, ३० ते ७५ लाखांत ८०, त्यापुढे ७५. पण खेड्यातल्या जुन्या घराचा व्यवहार दहा टक्क्यांत क्वचितच निभतो.

समजा, अमरावती जिल्ह्यात दर्यापूरकडच्या एखाद्या गावात, ग्रामपंचायत हद्दीत, घर १२ लाखांत ठरलं. बँकेचा मूल्यांकन करणारा येतो. वर टिना, काळ्या मातीत पाया हलल्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग, मागची खोली परवानगीविना वाढवलेली. तो १० लाखच लावतो. सौद्याची किंमत आणि मूल्यांकन यांतला कमी आकडा बँक धरते. म्हणजे कर्ज फार तर ९ लाख, आणि ३ लाख तुमचे.

त्यावर मुद्रांक शुल्क ४ टक्के आणि जिल्हा परिषदेचा अधिभार १ टक्का, मिळून ६०,००० रुपये. सौदा आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला बाजारभाव) यांत जो आकडा जास्त, त्यावर हे लागतं. घर फक्त बाईच्या नावे घेतलं तर १ टक्का सूट, म्हणजे १२,००० वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. नोंदणी फी १ टक्का, १२,००० रुपये (कमाल ३०,०००). वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी), मूल्यांकन, बँकेची प्रोसेसिंग फी यांसाठी २०,००० बाजूला ठेवा. तुमच्या ३ लाखांसह बेरीज ३,९२,०००, म्हणजे किमतीच्या जवळपास ३३ टक्के. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक कर्जाच्या हिशेबात धरत नाही. घर १० लाखांच्या आतलं असेल तरच तो किमतीत मिळवता येतो.

म्हणून आधी कागद, मग इसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, आणि गावठाणातली बरीच कर्जं इथेच अडतात. जुनं खरेदीखत, मिळकत पत्रिका किंवा सनद, बांधकाम परवानगी आणि कर भरल्याच्या पावत्या मागा. प्लॉट गावठाणाबाहेरचा असेल तर जमीन अकृषक (बिनशेती) असल्याचा कागदही बघा. झेरॉक्स वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

इसार ५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. चिठ्ठीत स्पष्ट लिहा: बँकेने कर्ज नाकारलं किंवा कागदात दोष निघाला, तर इसार इतक्या दिवसांत परत. हे वाक्य नसेल तर पैसे बुडाले म्हणून समजा. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा बसू शकतो. चेकने किंवा खात्यावर दिलेत तर बँकेलाही तुमचा वाटा भरल्याचा पुरावा मिळतो.

अपुरी रक्कम सोनं गहाण ठेवून किंवा वैयक्तिक कर्ज काढून भरू नका. तो हप्ता बँक तुमच्या उत्पन्नातून वजा धरते आणि मूळ गृहकर्जच घटतं.

खरेदीची मुदत पिकाकडे बघून ठरवा. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास येतो, कापसाचा त्यानंतर वेच्यावेच्याने. जूनची तारीख लिहून दिलीत, तर बियाणं-खत आणि मुद्रांक शुल्क एकाच आठवड्यात समोर उभे राहतात.