मेळघाटात मचाणावर रात्र काढायची तर

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करायला मचाण मिळालं, तर उन्हं उतरायच्या आत वर चढून बसा. मी बरीच वर्षं जाते आहे. वर गेल्यावर पहिलं काम एकच करते: वहीत पाणवठ्याचा नकाशा काढते. दगड कुठे, वठलेलं खोड कुठे, पळसाचं झुडूप कुठे. चांदण्यात यातला प्रत्येक दगड अस्वल वाटायला लागतो, आणि मध्यरात्रीनंतर चंद्र कलला की सावल्याही जागा बदलतात. नकाशात नाही पण काठावर आहे, ते जनावर.

कपडे मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. अत्तर, वासाचं तेल अजिबात नको. खाणं कापडात बांधून न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीची कुरकुर रात्री फार लांब जाते. खोकल्यासाठी खिशात खडीसाखर ठेवा. पाणी भरपूर हवं, पहाटेच्या गार वाऱ्याला एक चादरही. अंधार पडला की खाली उतरायचं नाही, कुठल्याही कारणासाठी. टॉर्च मारायचा नाही. पौर्णिमेचा उजेड पुरतो, फक्त डोळ्यांना वेळ द्या.

खरं काम कानांचं आहे. मे महिन्यात सागाची पानं झडलेली असतात, त्या पाचोळ्यावर पाऊल पडलं की कळतंच. चितळांची पावलं हलकी, पुष्कळ आणि थांबत थांबत येतात. अस्वल दिसण्याआधी त्याचं फुसफुसणं ऐकू येतं. चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, आला म्हणून लगेच वाघ समजू नका, ते बारीकसारीक गोष्टींनाही बिचकतं. पण सांबराचा खणखणीत ‘ढाँक’ पुन्हा पुन्हा आला, तर श्वाससुद्धा जपून घ्या.

सांबराची मादी पाण्यावर येते ते एकदा नीट बघाच. मी पाहिलेली एक मादी झाडीच्या कडेला अर्धा तास उभी होती. कान एकेक करून फिरत होते. पुढचा पाय उचलून तिने जमिनीवर आपटला, थांबली, परत आपटला. मग चार पावलं, परत थांबणं. पाण्याला तोंड लावलं तेव्हा पिल्लू अजून मागे झाडीतच होतं. ती पिऊन मागे वळली, मगच ते पुढे आलं. वाघ पाहिल्याच्या आनंदापेक्षा मला तिचं ते अर्धा तास उभं राहणं जास्त मोलाचं वाटतं.

व्याघ्रगणना आता कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांनी होते, २००६ पासून दर चार वर्षांनी देशभर. त्यामुळे आपली रात्र मुख्यतः जंगल अनुभवण्याची. तरी नोंद चोख हवी. वेळ, कुठल्या बाजूने आलं, कुठल्या बाजूने गेलं, किती, नर-मादी-पिल्लं. दिशा लिहिली नाही तर आठ वाजता आलेला कळप अकरा वाजता परत आला की दुप्पट होतो. ओळख पटली नाही, तर ‘अनोळखी’ लिहा. अंदाजाने बिबट्या लिहू नका.

उजाडल्यावर वनरक्षकाबरोबरच खाली उतरा आणि वानरं, मोर यायच्या आत काठचा चिखल वाचा. वाघ-बिबट्याच्या मागात नखं उमटत नाहीत, रानकुत्र्याच्या मागात उमटतात. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा, पुढे नखांच्या खुणा.

परतताना निष्पर्ण फांद्यांवर नजर असू द्या. रानपिंगळा हे दिवसा वावरणारं छोटं घुबड मेळघाटात आहे. ११३ वर्षं कुणाच्या नजरेस न पडलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं आणि छाती गडद तपकिरी. दिसला तर लांबूनच बघा, त्याच्या आवाजाची रेकॉर्डिंग वाजवून बोलावू नका. नोंदीच्या कागदावर मात्र त्याला जागा द्या.