मरणाशी भांडायचं तर क्रियापदापासून

मरणाला नकार देणारी कविता लिहायला बसलात की पहिल्या खर्ड्यात 'क्रूर काळ', 'निष्ठुर नियती', 'काळोख' ही मंडळी न बोलावता येतात. येऊ द्या, दुसऱ्या दिवशी घालवा. वडील गेल्यावर मी चौदा ओळी लिहिल्या. त्यात 'काळ' पाच वेळा होता आणि बाबा एकदाही नव्हते.

शब्द घालवून झाले की क्रियापदं तपासा. खरी मारामारी तिथे असते. मी लिहिलं, 'बाबा रोज रात्री घड्याळाला चावी द्यायचे.' आता या 'द्यायचे'नेच सगळं कबूल करून टाकलं. माणूस नाही हे वेगळं सांगायला नको. मग मी 'देतात' केलं. 'बाबा रोज रात्री घड्याळाला चावी देतात.' एका प्रत्ययाने ओळ हटून बसली.

भूतकाळही उलटा फिरवता येतो. तुकोबा म्हणतात, 'आपुले मरण पाहिले म्यां डोळां'. आता हे 'म्यां' बघा. मेला तोच साक्षीला उभा आहे. अभंगातला परमार्थ मोठा आहे, त्यावर बोलायची माझी पात्रता नाही. पण नुसतं व्याकरण पाहिलं तरी मरण मागे पडलेलं दिसतं.

कुणाशी बोलताय तेही ठरवा. मराठीत 'मृत्यू' पुल्लिंगी, त्याला 'आलास का?' असं दरडावता येतं. 'मरण' नपुंसकलिंगी, 'आलंस' म्हणताना जीभ अडखळते. इंग्रज कवी जॉन डनने एका सुनीतात, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेत, मृत्यूलाच समोर बसवून 'गर्व करू नकोस' असं सुनावलं आणि तू तर दैवाचा, योगायोगाचा, राजांचा, हताश माणसांचा गुलाम, म्हणून त्याची लायकी काढली. नुसती शिवी नाही, मुद्द्यांनिशी भांडण. (डन १६३१ मध्ये वारला, सुनीत छापलं गेलं १६३३ मध्ये.)

ध्रुवपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, हाताशी आहेच, पण जपून वापरा. वेल्श कवी डिलन थॉमसने मरणाच्या वाटेवरच्या वडिलांसाठी लिहिलेली कविता १९ ओळींची, यमकं दोनच. दोन ओळी आलटून पालटून येतात, प्रत्येकी चारदा. गंमत अशी की मधल्या कडव्यांत 'शहाणी माणसं निमूट जात नाहीत' असं साधं विधान असतं. शेवटच्या कडव्यात वडील समोर येतात आणि तेच शब्द 'निमूट जाऊ नका' अशी विनवणी होतात. इंग्रजीत दोन्हीकडे शब्द तेच. मराठीत 'नाहीत' आणि 'नका' वेगळे पडतात, त्यामुळे ही युक्ती जशीच्या तशी उचलू नका. मी उचलली आणि ते ध्रुवपद एखाद्या घोषणेसारखं वाजायला लागलं. माझं मत विचाराल तर आपल्याकडे ओळ तीच ठेवून आजूबाजूची परिस्थिती बदलावी. पहिल्यांदा घड्याळ चालू आहे, दुसऱ्यांदा मागे पडलंय, तिसऱ्यांदा भिंतीवर नुसता खिळा. आणि तरी, 'बाबा रोज रात्री घड्याळाला चावी देतात.'

खर्डा घरच्या माणसाला वाचायला द्या, साहित्यिक मित्राला नंतर. माझ्या बहिणीने 'देतात'खाली पेन्सिलने रेघ मारून बाजूला 'द्यायचे' लिहिलं. मी खोडरबर आणला. तोवर तिने स्वतःच ते बोटाने पुसायला घेतलं होतं.