बाळाचं वजन आणि अंगावरचं दूध: या चुका टाळा

अंगावर पाजण्यातल्या सगळ्यात महागड्या चुका पाजताना होत नाहीत, वजनकाट्यासमोर होतात.

जन्माचं वजन धरून वाढ मोजणं, ही त्यातली पहिली. पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन घटतंच. 7 टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची, 10 टक्क्यांच्या पुढे गेली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. आता समजा, बाळ जन्मलं 3 किलोचं, चौथ्या दिवशी 2.8 झालं आणि चौदाव्या दिवशी काटा 3.08 दाखवतो. लगेच घरात सुरू होतं, ‘दोन आठवड्यांत फक्त 80 ग्रॅम? दूध पुरत नाही हिचं.’ खरा हिशेब चौथ्या दिवसापासून करायचा असतो: दहा दिवसांत 280 ग्रॅम, म्हणजे रोजचे 28. पहिल्या तीन महिन्यांत रोज 20 ते 30 ग्रॅम वाढ हवी. हे बाळ उत्तम वाढतंय.

पण तोवर बाटली आलेली असते. 60 मिली वरचं दूध पिऊन बाळ तीन-चार तास गाढ झोपतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. इकडे स्तन भरलेलेच राहतात. दूध साचून राहिलं की शरीर ते कमी बनवायला लागतं. दोन-तीन आठवड्यांत दूध खरंच आटतं आणि सगळे म्हणतात, ‘बघा, नव्हतंच.’ नव्हतं नाही, घालवलं. ही घाई बघून फार वाईट वाटतं. डॉक्टरांनी वरचं दूध द्यायला सांगितलं असेल तर जरूर द्या, मात्र प्रत्येक वेळी आधी अंगावर पाजा आणि नंतर दूध काढा, म्हणजे स्तनांना मागणी कळत राहते.

वजन नेहमी त्याच काट्यावर, बाळाचे सगळे कपडे काढून. ओला लंगोटसुद्धा पाच-सहा दिवसांची वाढ दाखवू किंवा लपवू शकतो. रोज वजन करू नका.

पाजतानाची चूक म्हणजे तोंडात फक्त स्तनाग्र देणं. आईला कळा येतात, चिरा पडतात, बाळाला दूध पुरेसं मिळत नाही. बाळाचं पोट आपल्या पोटाला लावा, नाक स्तनाग्रासमोर आणा आणि ते जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबा. मग बाळाला स्तनाकडे आणा, स्तन बाळाकडे नाही. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळसर भाग वरच्या ओठाकडे जास्त दिसतोय, म्हणजे जमलं. दुखत राहिलं तर ओढू नका. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. चार वेळा करावं लागलं तरी करा.

घड्याळ लावून दहा मिनिटांनी बाजू बदलू नका. स्तन रिकामा होत जातो तसं दुधातलं स्निग्ध वाढतं. बाळाने एक बाजू स्वतः सोडली की दुसरी द्या. सुरुवातीला 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजणं होतं, आणि रात्रीचं त्यातून वगळायचं नाही.

सहा महिन्यांपर्यंत पाणी नको. ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र हवेत, रोज 400 एकक (बाटलीवर IU लिहिलेलं असतं).

आईच्या वजनाबद्दलही अशीच घाई. दूध बनवायला रोज साधारण 500 कॅलरी जातात, म्हणून ‘पाजलं की आपोआप बारीक’ असं सांगितलं जातं. कुणाचं वजन उतरतं, कुणाचं हलत नाही, कारण भूकही वाढते. पहिले दोन महिने डाएटचं नावही काढू नये. पुढे आठवड्याला अर्धा किलो पुरे.

तीन महिन्यांनंतर बाटलीवरच्या बाळांपेक्षा अंगावर पिणारी बाळं हळू वाढतात. म्हणून वाढीचा आलेख जागतिक आरोग्य संघटनेचा 2006चाच वापरा.

खरी काळजी कधी करायची? पाचव्या दिवसानंतर 24 तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले, शी अजून काळीच, बाळ पाजायलाही उठत नाही, किंवा दोन आठवडे उलटूनही जन्माचं वजन गाठलेलं नाही. तेव्हा एक दिवसही थांबू नका.