१०० मिलीवॅटचं घरगुती रेडिओ केंद्र : अमेरिकेत एएम प्रसारण कसं सुरू करावं

आधी कायद्याचं बोलू. ही माहिती अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. भारतात मध्यम लहरींवर, म्हणजे एएम रेडिओच्या पट्ट्यात, परवान्याशिवाय प्रसारण करता येत नाही, त्यामुळे सुट्टीत गावी नेऊन हा प्रयोग करू नका. अमेरिकेत एफसीसीच्या (तिथल्या दूरसंचार नियामक आयोगाच्या) नियमावलीतल्या भाग १५ प्रमाणे ५१० ते १७०५ किलोहर्ट्झमध्ये सूट आहे. ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्याला १०० मिलीवॅटपेक्षा जास्त शक्ती द्यायची नाही आणि अँटेना, तिची केबल, अर्थिंगची तार हे सगळं मिळून ३ मीटरच्या आत बसवायचं. परवानाधारक केंद्राला आपला त्रास झाला तर बंद करायचं. त्यांचा आपल्याला झाला तर सोसायचा.

यंत्र एफसीसीने प्रमाणित केलेलं तयार घ्या. स्वतः जुळवता येत असेल तर वैयक्तिक वापरासाठी ५ पर्यंत यंत्रं प्रमाणपत्राशिवाय बनवता येतात, पण ती किटमधून जोडलेली नकोत.

मग रेडिओच्या पट्टीवर मोकळी जागा शोधा, म्हणजे जिथे दुसरं केंद्र लागत नाही अशी, तीही रात्री. सूर्य मावळला की आयनांबरातला (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागातला) खालचा थर विरतो आणि शेकडो मैलांवरची केंद्रं ऐकू येऊ लागतात. दुपारी रिकामी वाटलेली जागा रात्री गजबजलेली असते. इथली केंद्रं १०-१० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, भारतात ९-९ च्या. घरून आणलेला डिजिटल रेडिओ वापरत असाल तर त्याची सेटिंग आधी बदला. मी १६०० च्या पुढे शोधायला सांगेन, कारण आखूड अँटेना तिथे जरा बरी चालते.

खरी मेहनत अँटेनाची. १६५० किलोहर्ट्झची लहर सुमारे १८२ मीटर लांब. तिच्या पाव लांबीची अँटेना म्हणजे ४५ मीटर. आपल्या हातात जेमतेम ३. ही तूट अँटेनाच्या बुडाशी लावलेली कॉइल काही अंशी भरून काढते. ती जुळवताना प्लास्टिकचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या. लोखंडी पातं जवळ नेलं की जुळणी सरकते. नुसता हात जवळ गेला तरी फरक पडतो. म्हणून थोडं फिरवा, दोन पावलं मागे या, मग मीटर बघा.

माझं पहिलं केंद्र वरच्या मजल्यावर होतं आणि अर्थिंगची तार भिंतीवरून अंगणापर्यंत सोडलेली. आवाज छान लांब जायचा. पण ती लांब तारच अँटेनाचं काम करत होती, म्हणजे नियम मोडत होता. लक्षात आल्यावर मी यंत्र खाली आणलं, अर्थिंगची सळई त्याच्या अगदी बुडाशी ठोकली. पल्ला घटला, तरी हेच योग्य आहे.

आवाज मोनो ठेवा, फार जड खर्ज कापा, पातळी इतकी चढवू नका की शब्द फाटतील. घरघर आली तर आधी फोनचे चार्जर आणि एलईडी दिवे एकेक बंद करून पाहा. विजा कडाडू लागायच्या आधीच अँटेना सोडवून ठेवा.

चाचणीला माणूस लागतो. आम्ही आईच्या आवाजातली भूपाळी लावली आणि आईच ट्रान्झिस्टर कानाशी धरून रस्त्याने निघाली. ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा, असं ठरलं होतं. सहाव्या घराच्या पोस्टाच्या डब्यापाशी तिचा हात खाली आला. नकाशावर तिथे खूण केली आणि कॉइल पुन्हा जुळवायला घेतली.