पिस्टन आधी, बोरिंग नंतर: जुन्या अ‍ॅम्बॅसेडरचं इंजिन बांधताना

इंजिन उतरवणं, हेड खोलणं, ब्लॉक धुणं सांगत बसत नाही. जुनी गाडी उघडलीय म्हणजे तेवढं येत असणारच. इथे बोलायचंय ते बोरिंगबद्दल, म्हणजे झिजलेले सिलिंडर कापून मोठे करून त्यात मोठे पिस्टन बसवण्याबद्दल.

दुकानात जाऊन नुसतं 'अ‍ॅम्बॅसेडरचे पिस्टन द्या' म्हणू नका. या गाडीत १४७६, १४८९, १८१७ सीसी अशी वेगवेगळी पेट्रोल इंजिनं आली. ब्लॉकवरचा नंबर लिहून न्या. मी १४८९ धरून बोलतोय. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७३.०२५ मिमी.

आता माप. व्हर्निअर पेटीतच राहू द्या, बोअर गेज आणा. प्रत्येक सिलिंडर वर, मधे, खाली मोजा. क्रँकच्या रेषेत आणि तिला आडवाही. झीज सगळ्यात जास्त, पिस्टनची वरची रिंग जिथपर्यंत जाते तिथे भिंतीवर पडलेल्या पायरीखाली, आणि बरेचदा एकाच अंगाला. लोक फसतात ते इथे. गेज १२ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) झीज दाखवतो, वाटतं वीसचे, म्हणजे मूळ मापापेक्षा २० थाउ मोठे पिस्टन पुरतील. पण भिंत एकाच बाजूने खाल्लेली असेल आणि बोअर मूळ मध्यावर ठेवायचा असेल, तर समोरूनही तेवढंच काढावं लागतं. बारा दुणे चोवीस, म्हणजे तीसचे पिस्टन. सगळ्यात वाईट सिलिंडर ठरवेल तेच माप बाकीच्या तिघांना.

माझ्या पहिल्या गाडीला मी घाईघाईने चाळीसचं बोरिंग करून मोकळा झालो. पिस्टन आले आठवड्याने. डब्यावर ४०, मायक्रोमीटरवर दोन थाउ कमी! सकाळी गाडी सुरू केली की टकटक पार शेजारच्या गच्चीत ऐकू जायची, खंबाटकी घाट चढताना मागे निळा धूर. पुन्हा सगळं खोललं. तेव्हापासून पिस्टन हातात आल्याशिवाय माझा ब्लॉक बोरिंगवाल्याकडे जात नाही. पिस्टन गोल नसतो, अंडाकृती असतो. म्हणून स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागावर, गजन पिनला (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनला) काटकोनात मोजायचा. त्या मापात कंपनीच्या कागदावरची पिस्टन-भिंतीमधली फट मिळवून बोअर कापायचा, आणि कुठला पिस्टन कुठल्या सिलिंडरचा ते रंगाने लिहायचं. 'सगळे सारखेच असतात हो' म्हणणारा बोरिंगवाला बदला.

गजन पिनचा व्यास आणि पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची जुन्या पिस्टनशी ताडून बघा. चौघांची वजनं मी साताऱ्याच्या मोती चौकातल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर करतो. तो हसतो, पण करू देतो. फरक दोन-तीन ग्रॅमच्या आत हवा.

रिंग चढवण्याआधी एकेक तिच्याच बोअरमध्ये सरळ बसवून रिंगच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघा. कमी असेल तर बारीक कानशीने घासा. जास्त असेल तर सेट परत द्या, पाकीट फोडलेलं असलं तरी.