‘आय.ई.’ की ‘ई.जी.’?

माझं शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमातलं. पहिल्या नोकरीत ग्राहकांना इंग्रजी पत्रं पाठवायचं काम होतं. एका पत्रात मी लिहिलं, ‘आयडेंटिटी प्रूफ, आय.ई. आधार कार्ड’. मला म्हणायचं होतं, आधारसारखं काहीतरी. चार दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ मतदार ओळखपत्र घेऊन आले. पत्रात आधार लिहिलंय म्हणून त्यांना खिडकीवरूनच परत पाठवलं. दोन एसट्या बदलून आले होते ते. कळल्यावर फार वाईट वाटलं.

‘आय.ई.’ म्हणजे लॅटिन ‘इद एस्त’, अर्थात ‘म्हणजेच’. पुढे येईल तेवढंच धरायचं. ‘ई.जी.’ म्हणजे ‘एक्झेम्प्ली ग्रातिया’, उदाहरणार्थ. आपला घोळ ‘म्हणजे’मुळे होतो, असं मला वाटतं. ‘ओळखपत्र म्हणजे आधार वगैरे’ असं आपण बोलतो आणि समोरचा समजून घेतो. कागदावर ती सोय नसते. म्हणून मी आधी मराठीत ‘च’ लावून पाहते. ‘आधारच’ हवं असेल तर आय.ई., नाहीतर ई.जी. आणि ई.जी. लिहिलं की शेवटी ‘एटसेट्रा’ नको, उदाहरणं म्हटल्यावर ते आलंच.

हा फरक नीट बघायचा असेल तर 1897च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं, म्हणजे केंद्रीय कायद्यांतल्या नेहमीच्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या कायद्याचं, कलम 3 वाचा. नव्या मुलांना मी तेच वाचायला देते. तिथे ‘मंथ’च्या व्याख्येत ‘शॅल मीन’ (अर्थ हाच) आहे: ब्रिटिश कॅलेंडरप्रमाणे मोजलेला महिना. विषय संपला, चैत्र-वैशाख त्यात बसत नाहीत. ‘पर्सन’ला मात्र ‘शॅल इन्क्लूड’ (यात हेही येतं) आहे: माणूस तर आहेच, शिवाय कंपनीही. एका क्रियापदाने व्याख्येचं दार बंद होतं, दुसऱ्याने उघडं राहतं. मला हे अजूनही सुंदर वाटतं.

नेमकेपणाचे आणखी तीन इंग्रजी शब्दप्रयोगही असेच चुकतात. ‘टू बी प्रिसाइज’ (नेमकं सांगायचं तर) यानंतर आधीपेक्षा नेमका तपशील यायला हवा: उशिरा आला, दहा चाळीसला. ‘स्ट्रिक्टली स्पीकिंग’ (काटेकोरपणे बोलायचं तर) नेहमीच्या अर्थापेक्षा काटेकोर अर्थ वेगळा निघतो तिथेच. शेंगदाण्याला इंग्रजीत ‘पीनट’ म्हणत असले तरी काटेकोरपणे पाहिलं तर तो ‘नट’ नव्हे, कडधान्यांच्या कुळातला. ‘बाय डेफिनिशन’ (व्याख्येनेच) जपून वापरा. विधवेचा नवरा वारलेला असतो, हे बाय डेफिनिशन. सरकारी नोकरी सुरक्षित असते, हे नाही.

त्या पत्राचा मजकूर मी पुढे बदलला. दोन्ही लघुरूपं काढली, ‘एनी वन ऑफ द फॉलोइंग’ लिहिलं आणि खाली चालणाऱ्या प्रत्येक ओळखपत्राचं नाव वेगळ्या ओळीवर घातलं. मतदार ओळखपत्र सगळ्यात वर.